भगीरथ रानात गेलाय

कोर्टाची नोटीस घेऊन बेलीफ आज तिसऱ्यांदा येणार होता. पहिल्या दोन खेपांना खाकरांच्या घरातली माणसं जे बोलली, त्यानं थोरल्या सुनेचा, काशीचा, घटस्फोटाचा दावा बुडायच्या बेताला आला होता. म्हणून या खेपेला म्हाताऱ्यांनी तोंडच उघडायचं नाही, असं धाकट्या मुलाने, जगदीशने मुरबाडहून मोटरसायकलवर निघतानाच ठरवून टाकलं होतं. अडचण एवढीच होती, की कुणीतरी तोंड उघडल्याशिवाय काम होणार नव्हतं.

पहिल्यांदा बेलीफ आला तो भाताच्या आवणीच्या दिवसांत. टोकावड्याला बसमधून उतरून, पाड्यापर्यंतचा चिखल तुडवत बिचारा आला. ओटीवर कमळू एकटाच टोपली विणत बसला होता.

“भगीरथ कमळू खाकर इथंच राहतात का?”

“त्याचंच घर हाय.”

“आहेत का घरात?”

“रानात गेलाय. बस, येल.”

बेलीफ बसला. त्याने चहा घेतला, दुपारी भाकरी खाल्ली, कमळूकडून टोपली कशी विणतात तेही शिकून घेतलं, आणि शेवटची बस चुकेल म्हणून उठला. कोर्टात त्याने अहवाल दिला, की प्रतिवादी रानात गेला असून लवकरच परत येईल असे त्याच्या वडिलांनी सांगितले. दुसऱ्या खेपेला भगीरथची आई, लहानी, दारात उभी होती. ती म्हणाली, “बाजाराला गेलाय, येल.” तेही बेलिफाने इमानेइतबारे लिहून नेलं.

आणि भगीरथ? त्याची आणि काशीची पोर दिपिका बालवाडीत होती त्या वर्षी तो माळशेज चढून जुन्नरकडे कांदे काढायला गेला. टोळीतली बाकीची माणसं शिमग्याला परतली. हा परतला नाही. शोधाशोध झाली, पोलिसांत नोंद झाली, देवाला कौल लावून झाला. दिपिका आता मुरबाडला कॉलेजात होती, आणि तिचा बाप अजून रानातून यायचा होता.

म्हातारा-म्हातारी खोटं बोलले असं कुणी म्हणेल, तर ते खरं नाही. या पाड्यात घराबाहेर असलेल्या माणसाबद्दल दारात उभं राहून ‘नाय’ म्हणत नाहीत. माणूस कामाला गेलेला असो, बायकोशी भांडून गेलेला असो, दारातून उत्तर एकच जायचं, येल. दारातून ‘नाय’ म्हटलं की त्याची परतीची वाट बुजते. कमळूच्या आजानं हे सांगितलं होतं, आणि त्याला त्याच्या आजानं.

कोर्टातल्या न्यायाधीश साहेबांना हे कसं कळावं? मागच्या तारखेला त्यांनी चष्म्यावरून काशीकडे पाहिलं आणि विचारलं, “बाई, तुम्ही म्हणता नवरा कित्येक वर्षं बेपत्ता आहे. त्याचे आईवडील म्हणतात तो बाजाराला गेलाय. आम्ही कुणाचं खरं धरायचं?” पुढची तारीख त्यांनी शेवटची म्हणून दिली. मेघा वकिलीणबाईंनी काशीला कोर्टाच्या पायरीवर स्पष्ट सांगितलं, “या वेळी घरच्यांनी ‘पत्ता माहीत नाही’ एवढं म्हणायला हवं. तसं म्हटलं तर बेलीफ नोटीस दारावर चिकटवील, मग पेपरात छापू, आणि दावा पुढे सरकेल. पुन्हा ‘येईल’ म्हणाले, तर साहेब दावा काढून टाकतील. आणि हे तुम्ही म्हणून चालायचं नाही. दावा तुम्हीच लावलाय.”

*

“पुन्हा एकदा,” दिपिका म्हणाली. ती अंगणात पाठीला दप्तर लावून बेलीफ झाली होती. “भगीरथ कमळू खाकर आहेत का?”

कमळूने ओटीवरून नातीकडे कौतुकाने पाहिलं. “येल गो.”

“आजा!”

“बरं, बरं. पुन्हा विचार.”

“आहेत का?”

म्हाताऱ्याने तोंड उघडलं, मिटलं, घसा खाकरला. “बस,” तो म्हणाला. “चा घे.”

अनिताला हसू फुटलं. जगदीशने बायकोकडे डोळे वटारले, पण त्यालाही हसू आवरत नव्हतं. खळ्यावर भाताच्या पेंढ्या रचलेल्या, झोडणी अर्धी राहिलेली, आणि घरातली शहाणी माणसं सकाळपासून एक वाक्य पाठ करत बसली होती.

“राहू दे,” जगदीश म्हणाला. “बा काय बोलायचा नाय. मीच बोलतो. भाऊ हाय मी त्याचा.”

“बोलून दाखवा मग,” दिपिका म्हणाली आणि दप्तर सावरलं. “भगीरथ कमळू खाकर आहेत का?”

जगदीश औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात सुपरवायझर होता. चाळीस माणसांना रोज फैलावर घ्यायची सवय असलेला गडी. तो उंबऱ्यात जाऊन उभा राहिला, शर्ट खाली ओढला आणि म्हणाला, “त्यांचा ठावठिकाणा...” आणि तिथेच थांबला. मागे चुलीपाशी आई बसली होती. तिने मान वर केली नव्हती, पण भाकरी थापायचा आवाज बंद झाला होता.

“जमेल मला,” तो म्हणाला. “साहेब आल्यावर जमेल.”

*

अनिताचं हसू दुपारपर्यंत टिकलं नाही.

या दाव्यात ती पहिल्यापासून काशीच्या बाजूची होती. काशीला आश्रमशाळेत स्वयंपाकिणीची सरकारी नोकरी होती. तिथेच डोळखांबचा भिमा पहारेकरी होता. बायको वारलेला, शांत, कामापुरता बोलणारा. त्याने काशीला लग्नाचं विचारलं, तेव्हा ते तिने सगळ्यांत आधी अनितालाच सांगितलं होतं. पहिलं लग्न कागदावर उभं असताना दुसरं लावलं तर नोकरी जाणार. जातीच्या पंचांपुढे काडीमोड करायची, तर नवऱ्याच्या हातात काडी द्यावी लागते, आणि इथे हातच सापडत नव्हता. “कोर्टात जा ताई,” अनिताच म्हणाली होती. “किती वर्षं कुंकू लावून वाट बघाल?”

पण आज पाणी शेंदताना तिच्या मनात एक साधा हिशेब आला, आणि पोहरा हातातच राहिला. काशी डोळखांबला गेली, की म्हातारा-म्हातारीचं कोण करणार? मुरबाडच्या दोन खोल्यांत तिची पोरं, काजल आणि धाकटा, अभ्यासाला जागा पुरत नाही म्हणून आत्ताच भांडत होते. अनिता काही वाईट बाई नव्हती. इतकी वर्षं दुसऱ्याने उचललेलं ओझं आता आपल्याकडे येणार, हे कळल्यावर कुणाचंही व्हावं तेच तिचं झालं.

तिने जगदीशला खळ्यामागे गाठलं. “मी म्हनते, आजच कशाला घाई? पुढची तारीख मागू. दिपिकाचं कॉलेज व्हऊ दे.”

“अगो, शेवटची तारीख हाय. आनी तूच तर मागं लागलीवतीस.”

“तवा मी याचा विचार केला नव्हता. आये-बांना कोन बघनार? तुमी? सकाळी पाळी, रात्री ओव्हरटाइम.”

जगदीशने पेंढीतली एक काडी उपसली. त्याने वहिनीला शब्द दिला होता. पण खरं सांगायचं, तर सकाळी उंबऱ्यात वाक्य अडकलं तेव्हापासून तो सुटकेची वाट शोधत होता, आणि बायकोने ती आयती आणून दिली. “वकिलीनबाईला फोन करून बघतो,” तो म्हणाला. “साहेब आजारी बिजारी असंल तर...”

“काका.” दिपिका पेंढ्यांच्या आडून पुढे आली. ती कधीपासून तिथे होती कोण जाणे. “आई पहाटे उठून शाळेतल्या पोरांचं करते. आल्यावर आजा-आजीचं करते, रविवारी तुमच्या घरी पापड लाटायला येते. तिला बघनारा कोन हाय?”

“तुला काय कळतंय, पोरी? मोठ्यांच्या मधी...”

“मला एवढं कळतं, की माझा बाप गेला तवा तुमी सगळे त्याच्यासाठी रडलात. आईसाठी कोन रडलं?”

अनिताने मान खाली घातली.

*

काशीने हे सगळं ऐकलं. पाड्यातल्या घरांत भिंती कुडाच्या, आणि दिपिकाचा आवाज बापावर गेलेला.

तिला राग आला नाही. अनिताचं खोटं थोडंच होतं? काशी या घरात आली तेव्हा तिला नीट नऊवारी नेसता येत नव्हती. लहानीने तिला भात लावायला, नाचणी कांडायला, पोर न्हाऊ घालायला शिकवलं. भगीरथ गेल्यावर माहेरची माणसं न्यायला आली, तेव्हा लहानी मध्ये आली नव्हती. नुसती दिपिकाला मांडीवर घेऊन बसली होती. काशीच राहिली. आणि राहिली ती नवऱ्यासाठी नव्हे, त्या मांडीसाठी, हे तिला फार उशिरा उमगलं.

भिमा काही नायक नव्हता. त्याचे पुढचे केस गेले होते. पण एकदा तिच्या हातावर उकळती कढी सांडली, तेव्हा त्याने काही न बोलता पुढचे आठवडाभर पोरांची भांडी घासली होती. आपल्यासाठी कुणी काही करतं, ही चव काशीला माहीतच नव्हती. आता ती कळल्यावर सोडवत नव्हती, आणि ती हवीशी वाटते याची तिला लाजही वाटत होती.

ती चुलीपाशी जाऊन बसली. लहानी शेवटची भाकरी तव्यावर टाकत होती.

“आये, एक बोलू?”

“बोल ना. मी काय बांधून ठेवलंय तुला?”

म्हातारी सहज बोलून गेली, पण ‘बांधून’ हा शब्द दोघींनाही ऐकू आला. काशीने ते पुढे नेलं नाही.

“मी दावा मागं घेते. वकिलीनबाईला सांगते. तुमाला दारात ते म्हनाला लावाचं, हे माज्यानं बघवत नाय. भिमा समजून घेल. तसा तो गप्पच असतो.”

लहानीने भाकरी उलटली. “तो येल असं तुला वाटतं का गो?”

हा प्रश्न इतक्या वर्षांत या घरात कुणी कुणाला विचारला नव्हता. काशीने खोटं बोलायचा प्रयत्न केला, पण सासूच्या तोंडाकडे बघून ते जमलं नाही.

“नाय, आये.”

“हं,” लहानी म्हणाली. “भाकरी करपंल, ताट घे.”

*

लहानीला रडू आलं नाही. रडायचं ते तिने मागेच संपवलं होतं, कधी ओढ्यावर, कधी रानात मोहाखाली, कुणी बघत नसताना. दारात मात्र तिने कायम एकच सांगितलं. टपालवाला आला, नर्सबाई आली, मतं मागायला माणसं आली, सगळ्यांना तिने भगीरथ येल म्हणून सांगितलं. पोराची वाट उघडी ठेवायची, हे तिचं काम होतं, आणि ते तिने कधी चुकवलं नाही.

आज चुलीपुढे बसल्या बसल्या तिला एक गोष्ट दिसली, आणि दिसली म्हणून तिला स्वतःचा राग आला. पोराची वाट उघडी ठेवता ठेवता तिने सुनेची वाट बुजवली होती. येल, येल म्हणत तिने या पोरीला दाराच्या खांबाला बांधून घातलं होतं, आणि पोरगी गुरासारखी मुकाट उभी राहिली होती. कानशिलापाशी तिचे केस पांढरे झाले होते. काल-परवा तर आली होती ती.

पण दारात उभं राहून ‘नाय’ कसं म्हणायचं? तो खरंच कुठे असला तर? वाटेत कुठे बसून घराकडे बघत असला तर?

कमळू आत आला आणि पाणी प्यायला. “आला तो,” तो हळूच म्हणाला. “पोलीस पाटील संगती हाय.”

“तुमी काय बोलू नका.”

“मी कुठं बोलतो? माजं तोंड माज्या ताब्यात नाय, म्हनून तमाखू भरून ठेवलीय.” आणि खरंच त्याने गालात मोठा बार भरलेला होता.

*

बेलीफ ओळखीचा झालेला होता. त्याने चपला काढल्या, ओटीवर टेकला, पाणी घेतलं, कमळूला नव्या टोपलीचं विचारलं. कमळूने मानेनेच बरं चाललंय म्हटलं. पाटील आणि शेजारचा रामा साक्षीला पंच म्हणून उभे राहिले. दिपिका आईचा हात धरून कुडापाशी उभी होती.

“आता कामाचं,” बेलीफ म्हणाला आणि त्याने पेन काढलं. “भगीरथ कमळू खाकर घरी आहेत का?”

जगदीश पुढे झाला, उंबऱ्यात उभा राहिला. “ते... म्हनजे भाऊ माजा... त्यांचा...” त्याच्या कपाळावर घाम आला. “साहेब, चा घेता का?”

रामाने खाकरून हसू लपवलं. बेलिफाने पेन तसंच धरलं. “चहा मागच्या दोन्ही वेळेला घेतलाय, दादा. आज लिहून न्यायचंय. आहेत का नाहीत?”

काशीने डोळे मिटले. आता कुणाच्या तरी तोंडून नेहमीचा शब्द निघेल आणि सगळं संपेल, याची ती वाटच बघत होती. त्यात थोडं सुटल्यासारखंही वाटलं असतं.

लहानी आतून आली. भाकरीचे हात पदराला पुसत ती उंबऱ्यापाशी आली, आणि तिथे थांबली नाही. उंबरा ओलांडला, ओटी ओलांडली, अंगणात उतरली आणि चालत राहिली. बेलिफाला कळेना. “आजी, कुठं चाललात?”

“हिकडं ये. कागुद घेऊन ये.”

तो उठून तिच्या मागे गेला. पाटील गेला, रामा गेला, मग सगळेच गेले. लहानी खळं ओलांडून बांधापर्यंत गेली, जिथे घराची हद्द संपून आडवी गाडीवाट लागते. तिथे ती वळली. आता तिची पाठ घराकडे नव्हती आणि तोंड दाराकडेही नव्हतं. ती वाटेकडे तोंड करून उभी राहिली, जिथून माणूस जातो आणि येतो.

“दारात म्हनाचं नसतं,” ती म्हणाली. “हितं चालतं. विचार आता.”

बेलिफाने एकदा पाटलाकडे पाहिलं. पाटलाने मान हलवली. बेलिफाचा आवाज आपोआप खाली आला. “भगीरथ कमळू खाकर आहेत का?”

“नाय.”

कमळूच्या गालातला बार जागच्या जागी थांबला.

“माजा पोरगा कुठं हाय ते मला ठावं नाय,” लहानी म्हणाली. “माज्या मालकाला ठावं नाय, ह्या जगदीशला ठावं नाय. जिता हाय का नाय, ते पन ठावं नाय. गेला तवापास्नं त्याचा सांगावा नाय. आमी येल, येल म्हनलो ते आमच्यासाठी म्हनलो. हिच्यासाठी नाय. हे सगळं लिव्ह.”

बेलिफाने लिहिलं. बराच वेळ लिहीत राहिला. मग वाचून दाखवलं, आणि लहानीने अंगठा दिला. जगदीशने खाली सही केली. सही करताना तो आईकडे न बघता म्हणाला, “आये, तुमी दोघं आमच्याकडं येनार. मुरबाडला. मी आत्ताच सांगतो.” अनिताने त्याच्याकडे पाहिलं. मग स्वतःशीच काही ठरवल्यासारखी पुढे होऊन म्हणाली, “काजलची खाट ओढून घेतली की जागा व्हते. बघू.” त्या ‘बघू’त बराचसा होकार होता.

नोटीस लावायला सगळे घराकडे परतले, तर बेलिफाकडे डिंक नव्हता. बाटली पिशवीत सांडून वाळून गेली होती. अनिताने भाताची शितं आणून दिली. बेलिफाने ती कागदाला चोळली आणि दाराच्या खालच्या फळीवर कागद धरला.

“तिथं नको,” कमळू म्हणाला. बेलीफ आल्यापासूनचं त्याचं हे पहिलं वाक्य होतं, आणि त्यासाठी त्याला बार थुंकावा लागला. “शेरडं खातील. वर लाव.”

कागद वर लागला. प्रतिवादीस याद्वारे कळविण्यात येते, असं त्यावर छापलं होतं. कमळूला वाचता येत नव्हतं. त्याने नातीला ते वाचायला लावलं, दोनदा, आणि भगीरथचं नाव आलं तेव्हा मान हलवली.

*

मंडळी गेली. जगदीश बापाला घेऊन उरलेल्या पेंढ्या झोडायला लागला. अनिता आणि दिपिका भांडी घासायला ओढ्यावर गेल्या. जाताना दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या, येताना बोलत होत्या.

काशी चुलीतली राख ओढत होती. सासूला उपकार झाले म्हणावं, तर तो शब्द या घरात कुणी कधी वापरला नव्हता. पाया पडावं, तर म्हातारी खेकसली असती. लहानी भिंतीला टेकून पाय पसरून बसली होती, फार लांबून चालत आल्यासारखी.

“काशे.”

“काय, आये?”

“तो भिमा. त्याच्या घरी पानी कुठून आनतात?”

काशीचा हात थांबला. “मला ठावं नाय. मी कुठं गेलेय?”

“चूल आत हाय का पडवीत? म्हशी हायेत का? त्याची आय कशी हाय, खवीस हाय का बरी हाय?”

“आये, मी कशाला विचारू हे सगळं?”

“तू कशाला विचारशील?” लहानी म्हणाली. “पोरीनं विचाराचं असतं व्हय? जगदीशला सांग, आयतवारी गाडी कर. किन्हवलीवरनं जाऊ. पोर द्याच्या आधी घर बघाला आईबाप जातात.”